कच्चा भात कोणी परत पाठवला

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. म्हणजे सांगितली पुष्कळदा. खरी सांगायची टाळली.

अकोल्याच्या माझ्या साडभाऊंइतका इटालियन जेवणाचा जाणकार साऱ्या वऱ्हाडात झाला नाही. इटली सोडा, ते कधी विमानातही बसले नाहीत. नोकरी गव्हाच्या बियाण्यात गेली. दाणा दाढेखाली फोडून त्याची जात सांगत. पास्ता आपल्या बन्सी गव्हासारख्याच कडक गव्हाचा असतो हे कळलं, त्या दिवसापासून इटलीचे लोक त्यांना सोयरे वाटू लागले. पोलेंटा म्हणजे मक्याच्या कण्या, हे ते वेटरलाच समजावत. आधी साधा मार्गेरिटा पिझ्झा मागवत, कारण ‘साध्यात खोट लपत नाई.’ मग पास्ता. एक तुकडा चावून म्हणत, ‘मिनिटभर जास्त शिजला, आचाऱ्याले सांग.’ शेवटी गोडाचं तिरामिसू खाल्ल्याशिवाय कोणाला उठू देत नसत. एकदा तर पिठाचं पोतं पाहायला थेट भटारखान्यात शिरले.

म्हणूनच माझ्या मुलीचे होणारे सासू-सासरे पुण्याहून आले, तेव्हा अमरावतीच्या इटालियन हॉटेलात मी साडभाऊंना सोबत नेलं. पाहुणे हात धुवायला गेले आणि रिसोटो, म्हणजे इटलीचा भात, आला. मी घास घेतला, शीत दाताला लागलं. ‘भात कच्चा आहे,’ म्हणून ताटली परत पाठवली. साडभाऊ ‘अहो भाऊ, थांबा’ म्हणेपर्यंत वेटर गेलासुद्धा. पाहुणे येऊन बसले आणि आचारीच ताटली घेऊन बाहेर आला. ‘सर, रिसोटो असाच असतो. कोणी परत पाठवला?’

विहीणबाई हसल्या. ‘कोणी हो?’

सोयरीक पक्की व्हायची होती. माझी मान खाली.

‘म्या,’ साडभाऊ म्हणाले. ‘आमी खेड्यातले लोक. आमाले मऊ भात लागते बाप्पा.’ आणि पुन्हा शिजवून आणलेला तो लगदा त्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

सोयरीक जमली. लग्नात मी हा किस्सा त्यांच्या नावावर सांगितला. लोक हसले, तेही हसले. मग बारशाला सांगितला, वाढदिवसांना सांगितला, दर वेळी थोडं तिखटमीठ लावून. त्यांनी पास्त्याचं नाव काढलं की कोणीतरी खुदकन हसायचं. हळूहळू त्यांनी जेवणावर बोलणंच सोडलं. हॉटेलात गेलो की म्हणत, ‘तुमीच मागवा, भाऊ.’

गेल्या महिन्यात माफी मागायला अकोल्याला गेलो. त्यांची नातवंडं जमली होती. ‘आबा, कच्च्या भाताची गोष्ट!’ साडभाऊंनी ती रंगवून सांगितली, माझं सगळं तिखटमीठ जसंच्या तसं ठेवून. मग माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, ‘असंच झालं होतं ना, भाऊ?’

पोरं माझ्याकडे पाहू लागली.

‘असंच,’ मी म्हणालो.