बाईंनी मागितलेला आवाज

गेल्या महिन्यात सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि फोन आला. “मल्लूकाका, मार्थाबाई गेल्या...” मी तसाच पायरीवर बसलो. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्याआधीच्या रविवारीच त्यांनी मला झापलं होतं, की मी हल्ली गाताना शब्दांची शेपटं खातो.

आमची ओळख लातूर नुकतंच जिल्हा झालं तेव्हाची. मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या आडतीवर तुरीचा सौदा पुकारत होतो. किनवटहून इथल्या शाळेत बदलून आलेल्या मार्थाबाई रस्त्यानं जाता जाता माझा आवाज ऐकून थांबल्या. चर्चचा गायनवृंद त्यांच्याकडे होता. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीचं चार आवाजांतलं गाणं त्या मराठीत स्वतः नव्यानं बांधत, पण सगळ्यांत खालचा, खर्जातला आवाज त्यांना मिळत नव्हता. त्यांनी थेट अप्पांना गाठलं. अप्पा पक्के शिवभक्त, कपाळभर भस्म.

“आमचं लिंगायताचं पोरगं चर्चात गाणार? न्हाई जमायचं.”

“अप्पा, पोराचा देव मागत न्हाई मी. नुसता आवाज द्या. गुरुवारचा आन् रविवारचा.”

अप्पा हसले. “सौदा चुकला तर तुम्हालाच पुकारायला बसवीन बगा.”

त्या साली पाऊस झालाच नाही. बाईंनी पाण्यासाठी एक प्रार्थना बांधली. ती पहिल्यांदा गायची त्या रविवारी अप्पाही आले, शेवटच्या बाकावर अवघडून बसले. दुसरं कडवं चालू असताना बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. चार दिवसांनी आला होता. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. बाईंनी हात खाली घेतला.

“जा, आधी घागरी भरा. देव कुठं पळून चाललाय?”

चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब झगा खोचून रांगेत, अप्पा पाइप धरून “लाइनीत या!” म्हणून माझ्याहून मोठ्यानं ओरडतायत. तासाभरानं ओल्या कपड्यांनी आम्ही पुन्हा उभे राहिलो आणि पहिल्यापासून गायलो. इतकं सुरात नंतर कधी जमलं नाही. निघताना अप्पा बाईंना म्हणाले, “घरी हा आवाज लई खरखरतो. ठेवा तुमच्याकडंच.”

बाईंनी तो चाळीस वर्षं ठेवला.

त्या गेल्यानंतरच्या गुरुवारी मी सवयीनं सरावाला गेलो. आम्ही नऊजण. पहिला सूर नेहमी बाई गुणगुणत, मग आम्ही धरायचो. आता तो कुणी द्यायचा, हेच कुणाला कळेना... शेवटी मी दिला. इतका खाली, की वरच्या आवाजात गाणाऱ्या मुली फिस्सकन हसल्या.

“काका, आम्ही काय विहिरीत उतरून गायचं का?”

मग त्यांच्यातल्याच एकीनं डोळे पुसत जरा वरचा सूर दिला. आम्ही धरला.