अप्पांच्या तोंडची लोखंडी चव

दवाखान्यातून घरी आल्यावर अप्पांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"लोखंड चाटल्यासारखं लागतं."

माझे वडील म्हणजे जन्मभर फिल्टर कॉफी प्यायलेला माणूस. डॉक्टरांनी कॉफी बंद केली म्हणून नाइलाजानं चहावर आला होता.

मी ॲल्युमिनियमचं पातेलं बाजूला सारलं आणि स्टीलच्या भांड्यात पुन्हा केला. तीच तक्रार. मग माळ्यावरची पितळी किटली काढली. आतली कल्हई उडाली होती, ती करून आणली. अप्पांनी नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

कॉलेजात शिकवतानाही माझ्या डोक्यात भांडीच असायची. मधल्या सुट्टीत स्कूटर काढून बाजारात जायची. एका दुकानदारानं सांगितलं, मातीची किटली घ्या, धातूचा प्रश्नच नको. रविवारी बसनं जवळच्या पापनाशम गावी जाऊन कुंभाराकडून आणली, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली.

"आता माती लागते," अप्पा म्हणाले, "आणि मातीखाली लोखंड."

शेवटी चिनी मातीची किटली आणली. गरम पाण्यानं आतून शेकवली, पत्ती घातली, वरून उकळतं पाणी ओतलं आणि घड्याळ बघत उभी राहिले. त्यांनी अर्धा पेला मुकाट्यानं संपवला. मी विचारलं, "आता?"

"तेच. पण तू आधी बस. मी घरी आल्यापासून तू माझ्याजवळ बसलीच नाहीस."

बसले. किटलीचं झाकण नीट बसवलं. मग तेच म्हणाले, "मी जाईन असं वाटतं का तुला?"

"हो."

"मलाही वाटतं कधीकधी. म्हणून काय भांडी बदलायची?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की दवाखान्यातून दिलेल्या गोळ्यांनी तोंडाला अशी चव येते, गोळ्या बंद झाल्या की जाईल. हे मी आधी का विचारलं नाही, माहीत नाही. विचारायला थांबले असते, तर दुसरंही काही विचारावं लागलं असतं.

महिन्याभरानं चव गेली. अप्पा आता चिनी किटलीतलाच चहा घेतात. त्यात तो जास्त वेळ गरम राहतो म्हणतात. मी समोर बसते. एका पेल्यात तीनदा उठते, पण बसते.