मानेवरच्या नळीची फाईल

बीडच्या घरी पुढच्या खोलीत बसून मी परदेशातल्या दवाखान्यांचं कोडिंग करते. डॉक्टरांनी रुग्णावर काय काय केलं ते वाचायचं आणि बिलासाठी प्रत्येक कामाला ठरलेला कोड लावायचा. नावं आम्हाला दिसत नाहीत.

त्या दिवशी सकाळी माझी एक फाईल परत आली. पाठोपाठ तपासणाऱ्या बाईंचा फोन.

"मॅडम, सोनोग्राफीचा वेगळा कोड का लावलात? शंटच्या त्या तपासणीच्या कोडमध्ये ती धरलेलीच असते."

"चुकलं. दुरुस्त करते."

"तुमचं असं कधी होत नाही."

मी फाईल पुन्हा उघडली.

शंट म्हणजे डोक्यात साठणारं पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी. कातडीखालून, कानामागून, मानेवरून खाली जाते. माझ्या धाकट्या बहिणीला ती तान्ही असतानाच बसवली होती. फाईलमधल्या मुलीच्या मानेवर, सोनोग्राफीने नळीची जागा बघून, नुसता एक सेन्सर चिकटवला होता. चीर नाही, सुई नाही. पाणी वाहत नाही हे थोड्या वेळात कळलं आणि त्याच दिवशी तिला ऑपरेशनला घेतलं.

बहीण बारा वर्षांची असताना आम्ही कपिलधारला दर्शनाला गेलो होतो. तिथून आल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. ऊन लागलं म्हणून आईने तळपायाला कांदा चोळला. वडील दुकान बंद करून तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी कानामागची नळीची फुगीर जागा दाबून पाहिली, स्कॅन काढला. जुन्या स्कॅनपेक्षा वेगळं काही दिसत नाही, थोडं थांबून बघू, असं ते म्हणाले. आम्ही थांबलो. आठवड्याभराने जेवताना ती ताट चाचपायला लागली. मी समोरच बसले होते. आधी मला वाटलं, खेळतेय.

मग संभाजीनगरला नेल्यावर कळलं, नळी तुंबून पाण्याचा दाब डोळ्यांच्या नसांवर आला होता. तिथं नळी बदलली. डोकं दुखायचं थांबलं. नजर परत आली नाही. तेव्हा मला रडू आलं नाही, नंतरही कधी आलं नाही.

मी सोनोग्राफीचा कोड काढला. शेजारी खाटेवर बसून बहीण शेंगा फोडत होती. फोनवरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"अक्का, ती फाईल परत काऊन आली?"

"मी चुकले म्हणून."

"काय हाय तिच्यात?"

मी सांगितलं. तिने शेंग खाली ठेवली.

"मानेवर नुसतं चिकटवायचं? दुखत न्हाई?"

"नाही."

"अन् लगेच कळतं?"

"लगेच."

तिने स्वतःच्या कानामागून मानेपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या वक्ताला असलं काही न्हवतं का?"

"तेव्हा कुठंच नव्हतं," मी म्हणाले.

मला ते माहीत नव्हतं. ही तपासणी कधी निघाली हे समोरच्या संगणकावर शोधायला मिनिटभरही लागलं नसतं. मी शोधलं नाही. अजूनही शोधलेलं नाही.

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि उरलेल्या शेंगा फोडायला लागली. मी फाईल पाठवून दिली.