एका पायडलाची सायकल

त्या दिवशी जळकोटावरनं नळदुर्गाकडं जाताना, चढ लागायच्या लई आधीच महालिंगप्पानं सायकल थांबवली. पुढं नळीवर लेक कांता, मागं कॅरेजवर बायको शिवगंगा, हँडलला भाकरीचं फडकं. शिवगंगाच्या माहेरी निघाली व्हती तिघं.

"कांते, आधी तू उतर," तो म्हणला. मग मागं न बघता, "आता तू उतर गं."

शिवगंगाला नवल वाटलं. चढाला त्या दोघी उतरायच्या, पर चढ अजून लांब व्हता. ती उतरली. तेनं सायकल स्टँडवर लावली, पडंल का म्हून एकदा हलवून बघितली, आन् रस्त्याच्या कडंला बाभळीला टेकून बसला.

"पाणी देऊ का?"

"दे."

तिनं तांब्यावरचं फडकं सोडलं आन् वळून बघितलं तर मान कलंडलेली. एका ट्रकवाल्यानं दवाखान्यापतुर आणलं, पर डाक्टर म्हणला, जीव तिथंच गेला. छातीचं व्हतं म्हणं.

घरी मयतीला आलेल्या प्रत्येकाला शिवगंगा एकच सांगायची. "ह्यांनी आधी आमाला उतरवलं." लोकांना वाटायचं, दुःखानं बाई भ्रमली. पर भ्रमली नव्हती. तिची सगळी धास्ती, हा पडून पाय मोडंल, ह्या एकाच गोष्टीची व्हती, आन् ती आजची नव्हती, बहात्तरच्या दुष्काळापासनंची व्हती.

बहात्तरला पाझर तलावाच्या कामावर सगळं गाव जायचं. तालेवार घरच्या बाया बी तोंडावर पदर वढून टोपल्या उचलायच्या, कारण घरात दाणा नव्हता. महालिंगप्पा दगड फोडायला. एक दिवस वरची दरड घसरली आन् त्येचा उजवा पाय खाली सापडला. शिवगंगाला तवा दिवस गेलेले. सोलापुरात दवाखान्यात तो लई महिने पडून व्हता. कांता जन्मली ती बी तेनं घरी आल्यावरच बघितली. पाय राहिला, पर गुडघा वाकंना. डाक्टरनं सांगितलं, "परत मोडला तर काढावाच लागंल."

हे शेवटचं वाक्य शिवगंगाच्या काळजात जाऊन बसलं. पोरगी भिंतीला धरून चालायला लागली तर ती तेला म्हणायची, "बाजूला सरका, पोरगी अंगावर पडंल."

आन् हा बाबा सायकल मागायला लागला.

सायकलीच्या दुकानवाला बिराप्पा तेचा दोस्त. तेनं उजवं पायडल काढून टाकलं, आन् पुढच्या नळीला लोखंडी आकडी बसवली, सरळ पाय टेकवायला. डावा पाय पायडलावर ट्यूबच्या पट्टीनं बांधायचा, म्हंजे दाबता बी येतं आन् वर वढता बी येतं. पर निघताना गाडी उचलत न्हाय. मागनं कुनीतरी ढकलाय पाहिजे. ते काम शिवगंगाच्या गळ्यात पडलं. ती ढकलायची, सायकलीनं जोर धरला की सोडायची, आन् तो वळणाआड जाईस्तवर डोळं फाडून बघत उभी राहायची.

पारावरचे म्हातारे म्हणायचे, "महालिंगप्पा, तुझी गाडी लई भारी बाबा. डायवर एक आन् इंजन घरी."

"इंजन चांगलं हाय," तो म्हणायचा, "पर गाडीत बसत न्हाय."

खरंच ती बसत नव्हती. आधी, पाय धड असताना, पोर झालं की तिघांनी येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला जायचं असं दोघांनी ठरवलेलं. आता ती म्हणायची, "एसटी हाय की. मला एसटीच बरी." जेवताना तो नुसतं ताटात बघायचा.

मग गावात दुधाची सोसायटी निघाली. वस्तीवरनं दूध गोळा करून आणायला माणूस पाहिजे व्हता, तर हा उभा राहिला. लोक हसले. पर त्येनं दोन्ही बाजूला कॅन बांधून दूध आणलं, आन् थेंब सांडला न्हाय. रोज आणायला लागला. मापाडी रेवणसिद्ध लई तोंडाळ, तो बी म्हणला, "दोन पायाचे सांडत्यात, ह्येचं सांडत न्हाय."

त्या रात्री महालिंगप्पा शिवगंगाला म्हणला, "सारं गाव माझ्या भरवशावर दूध देतंय. तुलाच भरवसा न्हाय."

"दुधाला पाय न्हायती मोडायला."

"मोडला तर माझा मोडंल."

"मग मला काय दुसरा हाय का?"

चुलीपाशी सासू गिरिजाबाई बसलेली. ती म्हणली, "बस गं बाई एकदा. न्हायतर हा कॅनलाच बायकू म्हणंल."

शिवगंगा हसली, आन् हसण्याच्या भरात व्हय म्हणून बसली.

बाजाराच्या दिवशी निघाले. कांता नळीवर. शिवगंगानं ढकलली, चार पावलं पळाली, आन् उडी मारून कॅरेजवर बसली. बसली खरी, पर मनात एकच, हा पडायला लागला की आपण पटकन खाली उतरून धरायचं. म्हून तिनं पाय वर घेतलेच न्हायत. जमिनीलगत लोंबते ठेवले. सोसायटीपुढं, दूध घालायला माणसं उभी असताना, तिची चप्पल दगडाला अडकली, सायकल तिरकी झाली, आन् तिघं बी धुळीत.

कांता रडायला लागली. शिवगंगाला कांता ऐकू येईना. ती तेच्या उजव्या पायाकडं बघत व्हती. लोक पळत आले.

महालिंगप्पानं हातानं पाय चाचपला. खालपतुर. मग म्हणला, "मोडला न्हाय." आन् हसायला लागला, धुळीनं भरलेलं तोंड घेऊन. "शिवगंगे, बघ, पडलो बी आन् मोडलो बी न्हाय. आता तर बस. पर पाय वर घे बाई. सायकल माझ्याकडं हाय, तू धरू नको."

रेवणसिद्ध म्हणला, "वहिनी, बसा, आज मी ढकलतो."

बाजार केला त्यांनी त्या दिवशी. येताना बी ती बसूनच आली, पाय वर घेऊन, पदर दातात धरून.

तवापासनं तिघं कुठं बी जायचे. रामलिंगाला गेले, वाटंत एक मुक्काम करून. लगीनघरी, दवाखान्यात, कांताच्या शाळंत नाव घालायला. पर शिवगंगाची धास्ती पुरती गेली असं न्हाय. दर खड्ड्याला ती डोळं मिटायची. तो पाठीनंच ओळखायचा. "मिटले का डोळं?" म्हणायचा. "न्हाय," ती म्हणायची, मिटलेल्या डोळ्यांनीच.

मयतीच्या दिवशी आन् एक झालं. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवत्यात, तसंच खड्ड्यात ठेवत्यात. डावी मांडी घातली. उजवा पाय सरळच. भाऊकीतला एक म्हातारा पुढं झाला, म्हणला, "दोघं धरा. जरा जोर लावला की बसंल."

कोपऱ्यातनं शिवगंगा उठली. आतापतुर ती रडत व्हती, आता रडणं थांबलं.

"जोर लावू नका. मोडंल."

"अगं पोरी, आता काय दुखतंय तेला?"

"दुखत न्हाय. पर मोडंल. इतकी वरसं मोडला न्हाय तो."

म्हातारा स्वामींकडं बघायला लागला. स्वामींनी लिंगाची पूजा मांडली व्हती, ते जरा थांबले. मग तिच्या दिराला, बसवराजला म्हणले, "पाय लांबच राहू दे. जा, खड्डा पुढनं वाढवून घे." बसवराज भर उन्हात परत कुदळ घेऊन गेला. उन्हाळ्यानं जमीन अशी टणक झालेली की कुदळीतनं ठिणग्या निघत व्हत्या. तवर सगळे थांबले.

पुढं सगळे विधी उरकल्यावर बसवराज म्हणला, पोरगी घरात कोमेजली, चार दिवस मामाकडं सोडून येतो. तेची सायकल नवी, दोन्ही पायडलं जाग्यावर. शिवगंगानं कांताची वेणी घातली, तिला उचलून कॅरेजवर बसवलं, आन् म्हणली, "पाय वर घे. काकाला घट धर."

"धरलंय अव्वा."

बसवराजनं पायडल मारलं. सायकल पुढं जाईना. तेनं परत मारलं, मग मागं बघितलं.

शिवगंगाच्या दोन्ही मुठीत कॅरेजची दांडी व्हती.

"वहिनी," तो हळूच म्हणला, "सोडा."

तिनं एक हात काढला. जरा येळानं दुसरा.