पालुदीला संडासातून बाहेर काढावं का?

सांता रुफिना गावात लोकरीच्या जुन्या गाद्या उसवून, पिंजून पुन्हा शिवून देणारा माणूस आता एकच उरला आहे. होनोरियो पालुदी, वय एकोणसत्तर. गादी उसवली की लोकरीबरोबर घरही बाहेर येतं. नोटरीसाहेबांच्या दोघांच्या गादीला खड्डा एकच आहे, नव्या पाद्रीबाबांच्या एकट्याच्या गादीला दोन आहेत, हे सगळं पालुदीला ठाऊक. पण माणूस तोंडाचा घट्ट. गावात कुणाकडे अवाक्षर काढत नाही. फक्त बायकोला सांगतो, आणि पुढचं काम नेलिदा करते.

पण गावात त्याला मान आहे तो गाद्यांमुळे नाही. देफेन्सोरेस फुटबॉल क्लबाच्या मैदानावर, लाकडी स्टँडच्या पाठीला लागून जो संडास आहे, त्यात पालुदीने गेल्या अकरा वर्षांतली घरच्या मैदानावरची प्रत्येक मॅच बसून काढली आहे. मान आहे तो त्याचा.

झालं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी देफेन्सोरेस दोन गोलांनी मागे होते, वीस मिनिटं उरली होती आणि रेमिखियो गलार्सा या खाटकाने दुपारी खाऊ घातलेला डुकराच्या मांसाचा मसालेदार चोरिसो पालुदीच्या पोटात उलटला. पालुदी पोट धरून पळाला. तो आत असताना देफेन्सोरेसनी तीन गोल केले. पट्टा आवळत तो बाहेर आला तेव्हा लोक नाचत होते, पण त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली होती. पुढच्या रविवारी मॅच सुरू होण्याआधी क्लेलियाबाईंनी नुसतं बोट दाखवलं. म्हणाल्या, "पालुदी, आत."

क्लेलियाबाई चाळीस वर्षं शाळेत होत्या. स्टँडमधल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले. तेव्हा वाद घालायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून घरच्या मैदानावर हार म्हणून नाही. एकदाच गांधीलमाश्या आत शिरल्या आणि पालुदी दोन्ही हातांनी विजार सावरत बाहेर आला. त्याच मिनिटाला समोरच्यांनी गोल केला. त्यानंतर दाराला बाहेरूनही कडी बसवण्यात आली. बाहेरगावच्या मॅचला त्याला नेतच नसत. "औषध घरीच ठेवायचं," असं बाईंचं म्हणणं.

पालुदीने हळूहळू आत बस्तान बसवलं. वेताची खुर्ची, स्वतः शिवलेली लोकरीची उशी, गरम पाण्याचा थर्मास, माते हा कडू चहा प्यायचा पोकळ भोपळा. वर एक झरोका होता. त्यातून काय दिसायचं, तर स्टँडच्या फळ्यांखाली लोंबणारे बूट. मैदान इंचभरसुद्धा नाही. झरोक्यालगतची जागा गलार्साची. गोल झाला की तो वाकून आत ओरडायचा, आणि एवढं मान्य करायला हवं, तपशिलात कसूर करायचा नाही. "म्हाताऱ्या, तीस मीटरवरून! दोघांना चकवलं! वरच्या कोपऱ्यात!" पालुदी डोळे मिटून ऐकायचा, घरी जाऊन नेलिदाला हातवारे करून सांगायचा, आणि नेलिदा "हो का?" म्हणून वाटाणे सोलत राहायची.

दिसत काही नसल्यामुळे त्याला ऐकू फार येऊ लागलं. कोण दमलाय, कोण लंगडतोय, पास कुणी कुणाला मुद्दाम दिला नाही, सगळं धावण्याच्या आवाजावरून. मध्यंतरात कोच ताबोर्दा लघवीचं निमित्त करून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून विचारायचा, "होनोरियोसाहेब, डावीकडे काय वाटतं?" गेल्या वर्षीचं विजेतेपद असंच, एका हाताने बटणं लावता लावता ठरलं होतं.

आता दुखणं सांगतो. देफेन्सोरेसच्या पुढच्या फळीतला खेळाडू एवेलियो हा पालुदीचा मुलगा. दुधाचा टँकर चालवतो. दहा वर्षं खेळतोय, चौऱ्याण्णव गोल केलेत. बापाने त्यातला एकही पाहिलेला नाही.

आणि ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी सान ग्रासियानोविरुद्धचा अंतिम सामना. एवेलियोने जाहीर केलं होतं, गुडघा गेला, ही शेवटची मॅच.

दुपारी क्लबाच्या मागे नेहमीप्रमाणे मांस भाजायला ठेवलं आणि टेबलावर संघनिवड सुरू झाली. ताबोर्दा शेगडीशी उभा राहून मांस उलटत होता. कोच असल्यामुळे त्याला मत नव्हतं. टेबलावर ऑलिव्ह म्हणजे बचावफळी, पावाचे कडक तुकडे म्हणजे मधली फळी, बाटल्यांची बुचं म्हणजे पुढचे. शेजारी क्लेलियाबाईंनी राविओली पास्त्याच्या खोक्याचं झाकण उलटं ठेवलं होतं. त्यावर दुसरा संघ, म्हणजे स्टँडमध्ये कुणी कुठे बसायचं, कुणी कॉर्नरच्या वेळी डावा बूट काढायचा, पोस्टमास्तरांनी कुत्र्याचं तोंड कुठल्या दिशेला धरायचं. मैदानावरच्या अकरांत चूक झाली तर एक वेळ चालते. या झाकणावर चूक झाली की हार नक्की.

"दोघं पुढे ठेवा, सरळ घुसू दे," गलार्सा म्हणाला. "घाबरून खेळलं की घाबरल्यासारखाच निकाल लागतो."

"जाड्या, अरे मध्ये लोकर किती राहते बघ," पालुदीने पावाचे तुकडे सरकवले. "सगळी कडेला गोळा केलीस. मधे झोपणाऱ्याची पाठ जमिनीला लागेल."

"अकरा वर्षांत तू चेंडू तरी पाहिलायस का रे?"

"म्हणून तर मला कळतं. तुम्ही बघता आणि फसता. आणि आपला डावा बचावपटू कुठे गेला?"

गलार्साने तोंडातली बी हळूच बशीत काढून ठेवली.

"खाल्लास?"

"तसाही बरा नव्हता तो," गलार्सा म्हणाला.

दुसरं ऑलिव्ह मागवण्यात आलं. ते येईपर्यंत पालुदीने घसा साफ केला आणि टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "आज मी बाहेर बसणार."

ताबोर्दाच्या हातातला चिमटा हवेत राहिला आणि चरबी पेटली, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पोराचा एक गोल बघायचाय. एकच. मग हवं तर मरेपर्यंत आत बसवा."

"अंतिम सामन्याला?" गलार्सा ओरडला. "सान ग्रासियानोला आता नुसतं कळवा, ते कपासाठी कपाट करायला टाकतील!"

"सहा गोलांनी जिंकलो तेव्हा तरी सोडायचं होतंत."

"सहा का झाले? तू आत होतास म्हणून!" गलार्सा उठून उभा राहिला. अंगावर चरबी भरपूर, पण डोकं चालायचं. "थांबा. बाप बाहेर येतोय कशासाठी? पोरासाठी. पोरगं खेळलंच नाही, तर बापाला बाहेर काय काम? एवेलियोला बसवा!"

यावर नेलिदा सुरी घेऊनच वळली. सुरी पावाची होती, पण वळली. "रेमिखियो गलार्सा! सेहेचाळीस वर्षांपूर्वी तू मला नाचायला विचारलं होतंस तेव्हा मी नाही म्हटलं. आज मला त्या मुलीचा अभिमान वाटतोय."

"यात ते कशाला काढतेस!"

"तू माझ्या पोराला काढतोस म्हणून!"

क्लेलियाबाईंनी टेबलावर चमचा आपटला. वयाची साठी गाठलेले त्यांचे दोन जुने विद्यार्थी सवयीने हात मागे बांधून उभे राहिले.

"पालुदी," बाई म्हणाल्या, "मैदानाचं तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं. एवेलियोने खेळावं की नाही? बाप म्हणून नको सांगू. आत बसतोस तसा सांग."

पालुदीने बूच उचललं. एवेलियोचं बूच. बोटांत फिरवलं. हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, नव्वद मिनिटं पोरगं समोर दिसलं असतं. नेलिदा त्याच्याकडे बघत होती.

"त्याचा उजवा पाय अर्धा ठोका उशिरा पडतो," तो शेवटी म्हणाला. "गेले सहा रविवार. अर्ध्या तासात गुडघा बसेल आणि शेवटी तो हाताशी उरणार नाही. सुरुवातीला नको. शेवटची वीस मिनिटं. त्यांचे बचाववाले दमले की."

त्याने बूच टेबलाबाहेर, मिठाच्या भांड्याशी ठेवलं. नेलिदाने त्याच्या ताटातलं मांस उचललं आणि कुत्र्याला घातलं.

बाईंनी झाकण पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "ठीक. सत्तराव्या मिनिटाला मुलगा मैदानात आणि बाप बाहेर. पण संडास रिकामा राहता कामा नये. तोलामोलाचा बदली खेळाडू हवा."

तोलामोलाचा म्हणजे खरोखरच तोलाचा. क्लबात बॉक्सिंगच्या दिवसांतला वजनकाटा होता. पालुदीला थर्माससकट त्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो. मग एकेकाला चढवलं. पोस्टमास्तर हलके, ते कुत्रा घेऊनही हलके. शेवटी गलार्सा चढला आणि काटा चौऱ्याण्णवावर येऊन चिकटला.

"मांस खाल्लंय मी आत्ता! हे वजन धरू नका!"

"चोरिसो कुणाचा होता?" बाईंनी विचारलं.

गलार्सा काट्यावरून खाली उतरला.

सत्तर मिनिटं गोल नाही. पालुदी आत उशीवर बसून घामाने भिजला होता. मग बाहेरची कडी वाजली. दारात गलार्सा, नाक दाबून.

"खुर्चीचा डावा पाय हलतो, उजवीकडे रेलून बस," पालुदीने सूचना दिल्या. "माते ताजं आहे. आणि मध्ये उठू नकोस, जाड्या. काहीही झालं तरी."

"शिकव मला," गलार्सा म्हणाला आणि कडी लागली.

पालुदी गलार्साच्या जागेवर येऊन बसला. ऊन डोळ्यांत घुसलं. मैदान त्याच्या मनातल्यापेक्षा लहान होतं, गवत अर्धं पिवळं, आणि ज्याच्या दमदार शिट्टीवरून त्याने सहा फुटांचा गडी कल्पिला होता तो पंच कमरेएवढा. आपले खेळाडू ओळखू येईनात. डोळे मिटले की कळायचं, हा कोण, तो कोण. उघडले की सगळा गोंधळ. नेलिदाने कोपर मारलं. "उघड! त्यासाठीच आलास ना?" दुपारपासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

एवेलियो मैदानात आला. अर्धा ठोका उशिरा. पालुदीने त्याच्यावर नजर रोवली ती हलवलीच नाही, चेंडू कुठेही असो.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. स्टँडमध्ये चौदा डावे बूट उतरले. चेंडू आत आला, डोक्यांवरून गेला, परत आला. एवेलियोच्या गुडघ्यात तेवढ्यात कळ आली आणि तो गोलकडे पाठ करून, वाकून, गुडघा धरून उभा राहिला. सान ग्रासियानोच्या माणसाने चेंडू बाहेर काढायला जीव खाऊन लाथ घातली. चेंडू एवेलियोच्या पार्श्वभागावर आदळला, उलटा फिरला, चिखलात एकदा थांबतो की काय असं वाटलं, आणि रांगत रांगत रेघेच्या पलीकडे गेला.

स्टँड कोसळायचा बाकी राहिला. पालुदी बसूनच होता.

"असे असतात?" त्याने विचारलं.

"हा बरा होता," नेलिदा बूट शोधत म्हणाली. "काही तर बघवत नाहीत."

"तो चौऱ्याण्णवावा? तीस मीटरवरून, दोघांना चकवून?"

"गोलकीपर घसरून पडला, त्याच्या ढोपराला लागून गेला. एवेलियो तेव्हा पंचाशी भांडत होता. तुला कुणी सांगितलं तीस मीटर?"

तेवढ्यात फळ्यांखालून, झरोक्यातून आवाज आला. "म्हाताऱ्या! ए म्हाताऱ्या! कुणी मारला? कसा मारला? सांग की रे, मेलो इथे!"

पालुदी झरोक्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं. मग गुडघ्यावर बसला, वाकला आणि तोंडाशी हातांचा भोंगा केला.

"एवेलियोने! पंचवीस मीटरवरून! छातीवर घेतला, एकाच्या पायांमधून काढला, दुसरा नुसता बघत राहिला!"

आतून लगेच, "कुठल्या पायाने?"

"डाव्या!"

"वरच्या कोपऱ्यात?"

"वरच्या कोपऱ्यात. जाळी अजून हलतेय!"

"वा," आतून बारीक आवाज आला. "वा, म्हाताऱ्या. अगदी दिसला मला."

मागे क्लेलियाबाईंनी झाकणावर पालुदीचं नाव खोडून त्या जागी गलार्साचं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि स्वतः जाऊन कडी नीट बसलीय का ते ओढून पाहिलं.

"काय करताय? मॅच संपली की उघडणार ना?" आतून विचारणा झाली. "बाई? म्हाताऱ्या, काय करतायत त्या? आणि पोरगं? पोरगं उभं आहे का?"

पालुदीने मान वर केली. एवेलियो दोन्ही हात मागे, चेंडू लागलेल्या जागी धरून हसत होता आणि स्टँडमध्ये गलार्साच्या जागेवर बाप बसलेला बघून चक्रावला होता.

"उभं आहे," पालुदी म्हणाला, आणि एवढं मात्र त्याने जसं दिसलं तसंच सांगितलं.