छत्तिसावी फ्रेम

माझी आत्या पस्तीस वर्षं दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत होती. अख्ख्या गावाची हाडं तिने पाहिली, पण चेहऱ्याचा फोटो म्हणून कधी काढला नव्हता. ही बाई एके दिवशी माझ्या कॅमेऱ्याच्या दुकानात आली, आतोबांच्या मागे राहिलेला जुना रेंजफाइंडर कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "याला लेन्स हवी. गुरुवारच्या आत."

गुरुवारी बाबांचं ऑपरेशन होतं. जबड्याची उजवी बाजू काढावी लागणार, हे ऐकल्यापासून आम्ही सगळेच हादरलो होतो. त्यात घरात बाबांचा एक धड फोटो नाही! कॅमेरा दिसला की हा माणूस नळ तपासायला उठायचा. नळदुरुस्ती हा त्यांचा धंदाच, त्यामुळे कोणी अडवायचंही नाही.

मी दुकानातली सर्वांत भारी लेन्स काढली. आत्याने ती लावून माझ्याकडे पाहिलं. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत, वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतात, आणि लेन्स मोठी असली की ती तिच्या आड येते.

"तुझा अर्धा खांदा खाल्ला हिने," ती म्हणाली. "एवढं धूड समोर धरलं तर माझा भाऊ पळून जाईल. लहान दाखव."

आणि तिने उचलली ती नेमकी जुन्या घडणीची, मिटवता येणारी पितळी लेन्स! मी उडालोच.

"आत्या, ही नको. दर वेळी बाहेर ओढून, फिरवून अडकवावी लागते. विसरलीस तर खिडकीतून सगळं स्वच्छ दिसेल आणि फिल्मवर नुसता धूर. दुकानात एकच रोल उरलाय, नवे पुढच्या आठवड्यात येणार. विसरशील तू."

"अरे शहाण्या, मी किती फिल्म वाया घालवल्या ते दवाखान्यात विचारून ये."

माझं तोंड एवढंसं झालं. लेन्स तिच्या पिशवीत गेली.

बुधवारी सकाळी तिने बाबांना स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसवलं. लेन्स बघून बाबा म्हणाले, "एवढुशीच? मग काढ, ताई." पस्तीस फोटो झाले, आणि पस्तिसांतही बाबा पोलिसांनी बसवल्यासारखे ताठ. शेवटचा मी काढतो, दोघं एकत्र बसा, असं मीच सुचवलं. आत्याने कॅमेरा माझ्या हातात दिला, बाबांशेजारी बसली आणि सवयीने हुकूम सोडला, "श्वास घ्या, धरून ठेवा!"

बाबा फस्सकन हसले. "ताई, हाडं नीट आली पाहिजेत हं!" तोंडभर, डोळे मिटून हसले. मी बटण दाबलं.

ऑपरेशन पार पडलं. तीन आठवड्यांनी बाबा घरी आले, तेव्हा कुठे मी फिल्म धुवायला घेतली. 'सांगितलं नव्हतं तुला?' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण पस्तीसच्या पस्तीस फ्रेम स्वच्छ, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. छत्तिसाव्या फ्रेममध्ये मात्र दोन करडे गोळे.

मी फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली. दुकानात कॅमेरा हातात आला की आधी लेन्स आत ढकलायची, मगच पुढचं काम, ही माझी बारा वर्षांची सवय. आत्याने बाहेर ओढलेली लेन्स माझ्याच अंगठ्याने आत ढकलली होती. कधी, ते मला आठवतसुद्धा नव्हतं. स्वतःची इतकी चीड मला जन्मात आली नव्हती.

फिल्म घेऊन घरी गेलो. आत्याने ती एक्स-रेसारखी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. आता चांगली खरडपट्टी निघणार, म्हणून मी खाली मान घालून उभा.

"रिपीट," ती म्हणाली. "आमच्याकडे बिघडली की रडत नाहीत, पुन्हा घेतात."

"पण आत्या, ते हसू..."

"कॅमेरा आण."

मी दुकानातून नवा रोल भरून कॅमेरा आणला, दोघं पुन्हा खिडकीपाशी बसले. बाबांचा उजवा गाल खोल गेलेला. आत्या म्हणाली, "श्वास घ्या, धरून ठेवा." बाबा हसले. डावी बाजू हसली, उजवी तशीच राहिली.

लेन्स बाहेर होती. मी तीनदा चाचपून पाहिली. तरी कॅमेऱ्याच्या खिडकीतून मला काही म्हणता काही दिसेना.

"अरे, दाब की आता," आत्या ओरडली. "किती वेळ श्वास धरायचा आम्ही?"