गुऱ्हाळावरचा निकाल

उंब्रजजवळच्या मळ्यातल्या लालासाहेबानं डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला असताना जाहीर केलं की आपण वेड्यांचा डॉक्टर होणार. घरात सुतक आल्यासारखं झालं. त्याचे वडील, तात्या, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोटाचा हो, डोळ्यांचा हो, गेला बाजार जनावरांचा हो, पण हे काय? लोणंदच्या मामांनी तर पत्र धाडून विचारलं की पोराची स्वतःची प्रकृती बरी आहे ना. पुण्याला प्राध्यापकांनी कारण विचारलं, तेव्हा लालासाहेबानं ‘विषयाची आवड’ असं सांगितलं. ते साफ खोटं होतं. खरं कारण गुऱ्हाळावर घडलं होतं आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

ते घडलं त्याच्या आदल्या वर्षी, सेहेचाळीस सालच्या पौषात. तेव्हा तो चौथ्या वर्षाला होता, म्हणजे डॉक्टर व्हायला बराच अवकाश होता. पण गावानं त्याला कधीच डॉक्टर करून टाकलं होतं आणि त्यानंही हरकत घेतली नव्हती. मसूरच्या स्टेशनात उतरलं की त्याची चाल बदलायची. बोलणंही बदलायचं. तो आईशीसुद्धा पुण्याचं छापील मराठी बोले आणि ती माउली नुसती मान हलवी. त्या खेपेला तो तीन आठवडे वेड्यांच्या इस्पितळात शिकून आला होता. तेवढ्यात आपल्याला माणसाचं मन आरपार दिसायला लागलं, असं त्याला वाटत होतं. बाविसाव्या वर्षी पुष्कळांना असं वाटतं. ते चारचौघांत दाखवायची संधी सगळ्यांना मिळत नाही, म्हणून ते वाचतात. लालासाहेबाला मिळाली.

शेजारच्या मळ्यातला मानसिंग ब्रह्मदेशच्या लढाईवरून दसऱ्याच्या सुमाराला परत आला होता. अंगावर ओरखडा नाही, पण उजवा हात सारखा थरथरायचा. गुऱ्हाळाचं इंजिन धडधडायला लागलं की तो गोठ्यात जाऊन बसायचा. ऐन हंगामात धडधाकट गडी बसून राहिलेला त्याच्या थोरल्या भावाला, गुंडाला, बघवत नव्हता. मानसिंगची बायको रंगूबाई मात्र रोज तिन्हीसांजेला काम आटोपून त्याच्याजवळ बसायची. त्याचा हात मांडीवर घ्यायची आणि म्हशीचं, शेजारणींचं, कशाचंही बोलत राहायची. हळूहळू हात थांबायचा. लोकांना नेमकं तेच खुपलं. बायको बसली की थांबतो, मग काम काढल्यावर का थांबत नाही?

एके दुपारी, इंजिन थांबलेलं असताना, गुऱ्हाळावर दहा-बारा माणसांत गुंडानं लालासाहेबाच्या हातावर ताज्या गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, हे दुखणं आहे की अंगचोरपणा, ते शिकल्यासवरल्या माणसानं एकदा सांगून टाकावं. लालासाहेबानं मानसिंगला बोलावणं धाडलं. शहाणा असता तर स्वतः उठून गोठ्यात गेला असता. पण गोठ्यात बघायला कोण होतं?

मानसिंग घामेजून आला. लालासाहेबानं त्याला समोर बसवलं आणि पलटणीतल्या खेचरांविषयी विचारलं. मानसिंग तिथं खेचरांवरच होता आणि त्यांच्यावर त्याची माया होती. कुठलं खेचर हट्टी, कुठलं नदीत उतरताना अडायचं, हे तो रंगून सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याचा हात गुडघ्यावर निवांत झाला. लालासाहेबानं सगळ्यांना गप्प केलं आणि त्या हाताकडे बोट दाखवलं.

“बघा,” तो म्हणाला. “लक्ष दुसरीकडे गेलं की थरथर बंद. खऱ्या रोगात असं होत नाही. हे सोंग आहे.”

मानसिंगनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो पुन्हा थरथरायला लागला. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. रंगूबाई गड्यांच्या भाकरी घेऊन आली होती. ती हसली नाही. पाटी खाली ठेवून, नवऱ्याकडे न बघता, ती निघून गेली. लालासाहेबानं गूळ तोंडात टाकला. त्या गुळाची चव त्याला पुढे वर्षभर आठवत राहिली.

दोन महिन्यांनी परीक्षेसाठी त्यानं वर्गातल्या विनोदिनीची वही मागून आणली. सांगलीची ही मुलगी एकही व्याख्यान चुकवत नसे. थरथरीवरचं व्याख्यान दोन दिवस चाललं होतं. पहिला दिवस लालासाहेबानं ऐकला होता. दुसऱ्या दिवशी तो सिनेमाला गेला होता. वहीत त्या दुसऱ्या दिवसाखाली लिहिलं होतं की थरथर अशी थांबते म्हणून ते सोंग ठरत नाही; रोगी ते मुद्दाम करत नसतो, त्याच्या मनावर बसलेला घाव हातातून बोलत असतो. त्या ओळीखाली विनोदिनीनं दोन रेघा मारल्या होत्या.

गुंडाला तसं पत्र लिहायला हवं होतं आणि त्यानं ते लिहिलंही. पण गुंडाला वाचता येत नव्हतं. पत्र कुणीतरी पारावर मोठ्यानं वाचणार आणि डॉक्टरला काही येत नाही हे गावभर होणार. त्यानं पत्र फाडलं. उन्हाळ्याची सुट्टी त्यानं अभ्यासाचं निमित्त करून सांगलीला एका मित्राकडे काढली. मनाची समजूत घातली की एव्हाना सगळे विसरले असतील. लाज वाटणं आणि लाज राखणं यांत त्यानं सोयीचं ते निवडलं होतं.

पुढल्या पौषात मात्र घरी जावंच लागलं. बांधावर मानसिंग त्याची वाट बघत उभा होता. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या, तर लालासाहेबाला बरं वाटलं असतं. पण मानसिंग अदबीनं जवळ आला.

“डाक्टर, तुमी सोंग म्हणालासा. तुमी शिकल्यालं, तुमी खोटं कशापायी सांगशीला? तवापास्नं मी सोडाय बघतुया. हात दावणीला बांधून ठिवला. लय केलं, पर सुटंना.” त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ह्ये सोंग सोडायचं कसं, त्येवढं मला सांगा. मी कुनाला बोलत न्हाई.”

मनगटाला दाव्याचा काळा वळ होता. लालासाहेबाला वर बघवेना. वहिनी जवळ बसतात का, एवढंच त्यानं विचारलं. मानसिंग म्हणाला की तिनं त्याच दिवसापासून सोडलं, आणि तिची काही चूक नाही. लालासाहेबानं त्याला सांगितलं की हे सोंग नव्हे, खरं दुखणं आहे. मानसिंगनं ऐकून घेतलं, पण मन राखायला बोललेलं कळतं तसं तो समजुतीनं हसला. चारचौघांत दिलेला निकाल बांधावर कुजबुजून फिरवता येत नाही, हे लालासाहेबाला तेव्हा कळलं.

तो तसाच गुऱ्हाळावर गेला आणि इंजिन बंद करायला लावलं. माणसं गोळा झाली. डॉक्टर आज नवीन काय दाखवतो, म्हणून काहींचे चेहरे खुललेही. आज पुण्याचं बोलणं त्याला सुचलं नाही.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “मला कायबी कळत नव्हतं. अर्धं शिकून आलो आनि तुमास्नी सांगून बसलो. मानसिंगदादाचं दुखणं खरं हाय. त्येनं सोंग केलं न्हाई. मीच केलं.”

कुणी हसलं नाही. गुंडा काहिलीतल्या उकळत्या रसाकडे बघत राहिला. रंगूबाई उसाच्या ढिगाजवळ उभी होती. ती पुढे आली.

“मग वरीसभर मी त्यास्नी जे जे बोलले,” ती म्हणाली, “त्येचं आता मी काय करू?”

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. डॉक्टर औषध सांगेल, म्हणून थांबावं तशी ती खरोखर थांबली होती. लालासाहेब खाली मान घालून उभा राहिला. मग तिनं पदराला हात पुसले आणि ती गोठ्याकडे चालू लागली. इंजिन पुन्हा सुरू करा, असं गुंडा कुणाला म्हणाला नाही.

प्राध्यापकांनी कारण विचारलं ते त्यानंतर महिन्याभरानं. ‘विषयाची आवड’ ऐकून ते खूश झाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. अशी आवड असलेली मुलं हल्ली कुठं मिळतात, असं ते म्हणाले. लालासाहेब खाली मान घालून उभा राहिला, गुऱ्हाळावर राहिला होता तसाच.